ट्रोव्हची परीक्षा, रॉकली विल्सनच्या निमित्तानं

सेवा: ट्रोव्ह, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं शोधसंकेतस्थळ
किंमत: मोफत
गुण: ५ पैकी ४.५

जुन्या क्रिकेटवर मनापासून वाचणाऱ्या प्रत्येकाला ट्रोव्ह माहीत असायलाच हवं. २००९ साली सुरू झालेल्या या सेवेत पुस्तकं, छायाचित्रं, नकाशे असं पुष्कळ आहे, पण क्रिकेटवाल्यांसाठी खरा खजिना आहे तो जुन्या वर्तमानपत्रांचा. 'सिडनी मॉर्निंग हेरल्ड'चे १८४२ ते १९५४ पर्यंतचे अंक, मेलबर्नचा 'आर्गस', ॲडलेडचा 'ॲडव्हर्टायझर', सिडनीचा 'रेफरी' हा खास खेळांचा साप्ताहिक, शिवाय शेकडो लहानसहान गावांची पत्रं. पान जसंच्या तसं दिसतं, बाजूला त्याचा मजकूर असतो आणि त्या मजकुरात शब्द शोधता येतो. वाचायला नावनोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि भारतातून बघण्यावर बंधन नाही.

मात्र अशा सेवेचं कौतुक नुसतं आकड्यांवरून करण्यात अर्थ नाही. ब्रॅडमन शोधला तर कुठल्याही संग्रहात ढीगभर सापडेल. परीक्षा घ्यायची तर माणूस असा हवा, की जो थोडा वेळ प्रकाशात आला आणि बाकीचं आयुष्य शाळेच्या वर्गात काढलं. म्हणून इथे निवडला आहे इव्हलिन रॉकली विल्सन.

ओळख थोडक्यात. जन्म २५ मार्च १८७९, यॉर्कशरमध्ये शेफील्डजवळच्या बोल्स्टरस्टोनला. शिक्षण रग्बी शाळेत आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात. १९०१ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज सामन्यात शतक, १९०२ साली केंब्रिजचं कर्णधारपद. पुढे विंचेस्टर कॉलेज या निवासी शाळेत फ्रेंचचा मास्तर आणि क्रिकेटचा सर्वेसर्वा. ही नोकरी जवळपास चाळीस वर्षं चालली. यॉर्कशरसाठी तो खेळला हौशी खेळाडू म्हणून, म्हणजे सामन्याचे पैसे न घेता. मधली तब्बल दहा वर्षं तो यॉर्कशरकडून खेळलाच नाही. १९१३ मध्ये परतला आणि ब्रॅडफर्डला एसेक्सविरुद्ध नाबाद १०४ केल्या. पहिल्या महायुद्धानंतर शाळेला सुट्टी लागली की जुलैअखेर संघात यायचा आणि संथ, अचूक गोलंदाजी करायचा. १९२० मध्ये त्यानं १३.८४ च्या सरासरीनं ६४ बळी घेतले आणि त्या जोरावर एकेचाळिसाव्या वर्षी जॉनी डग्लसच्या इंग्लंड संघातून उपकर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे एकच कसोटी मिळाली, सिडनीची, २५ फेब्रुवारी ते १ मार्च १९२१. धावा ५ आणि ५, बळी ३६ धावांत ३. नंतर पुन्हा कसोटी नाही.

हा माणूस ट्रोव्हमध्ये शोधणं सोपं नाही आणि अडचण सुरू होते नावापासूनच. (शोधशब्द अर्थातच रोमन लिपीत टाकायचे, इथे वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.) नुसतं 'विल्सन' टाकून फेब्रुवारी १९२१ वर बोट ठेवलं तर समोर येतात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन, कारण ४ मार्च १९२१ पर्यंत ते पदावर होते आणि रोजच्या तारा त्यांच्याविषयीच असायच्या. 'विल्सन' आणि 'यॉर्कशर' एकत्र टाकलं तरी सुटका नाही. १९०६ ते १९१४ मध्ये यॉर्कशरकडून बी. बी. विल्सन नावाचा व्यावसायिक सलामीवीर खेळत होता, म्हणजे १९१३ च्या हंगामात संघात दोन विल्सन. १९२२ ते १९२४ मध्ये कर्णधार होता जेफ्री विल्सन, म्हणजे रॉकलीच्या शेवटच्या दोन हंगामांतही दोन विल्सन. त्यात रॉकलीचा सख्खा थोरला भाऊ क्लेम, म्हणजे सी. ई. एम. विल्सन, हाही केंब्रिजचा कर्णधार, हाही विद्यापीठ सामन्यातला शतकवीर, आणि त्यानं १८९८-९९ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात दोन कसोट्याही खेळलेल्या. दोघांची सरमिसळ छापील लेखांतही होते, मग यंत्राला काय दोष द्यायचा.

त्यामुळे शोध तीन फेऱ्यांत घ्यावा. पहिल्या फेरीत दुहेरी अवतरणात 'रॉकली विल्सन'. पत्रकार त्याला बहुधा पूर्ण नावानं लिहीत, कारण इतर विल्सनांपासून वेगळं दाखवायचं असे, त्यामुळे या फेरीत कचरा सगळ्यांत कमी येतो. दुसऱ्या फेरीत 'ई. आर. विल्सन', पण तारखांची चौकट घालूनच: सप्टेंबर १९२० ते एप्रिल १९२१. धावफलकांत आणि संघाच्या यादीत आद्याक्षरंच असतात, म्हणून ही फेरी टाळता येत नाही. तिसऱ्या फेरीत जवळीक-शोध, म्हणजे दोन शब्द दुहेरी अवतरणात घालून पुढे लाटेसारखी खूण आणि आकडा: "विल्सन विंचेस्टर"~10. हे दोन शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असतील तेवढेच लेख येतात. 'मास्तर असलेला विल्सन' पकडायला याहून चांगलं जाळं नाही.

आता ट्रोव्हची खरी दुखरी नस, म्हणजे यंत्रानं वाचलेला मजकूर, ज्याला ओसीआर म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद, त्याची सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म), आणि त्या पटावरून यंत्रानं अक्षरं ओळखलेली. 'रॉकली'मधला 'सी' पुसट असेल तर त्याचा 'ओ' होतो आणि नाव 'रूकली' होतं. पहिल्या 'आर'चा 'बी' झाला तर 'बॉकली'. आद्याक्षरांचे हाल त्याहून वाईट: 'ई. आर.'चं 'ई. बी.' किंवा 'ई. के.' होणं अगदी नेहमीचं. धावफलकाचा बारीक टाईप तर यंत्राला सहसा झेपतच नाही. रकाने एकमेकांत घुसतात आणि एकाच्या धावा दुसऱ्याच्या नावापुढे जातात. म्हणून ट्रोव्हमधल्या धावफलकाचे आकडे बाजूच्या मजकुरातून कधीही उचलू नयेत. मूळ पानाचं चित्र मोठं करून डोळ्यांनी वाचावेत आणि तरीही एखाद्या सांख्यिकीच्या संग्रहाशी ताडून घ्यावेत.

उपाय दोन. एक, चुकीची रूपं मुद्दाम शोधणं. वर दिलेली दोन-तीन रूपं 'ऑर' घालून एकाच वेळी टाकता येतात. दोन, समोर दिसलेली चूक स्वतः दुरुस्त करणं. लेखाच्या मजकुराजवळच दुरुस्तीची सोय आहे, ओळ उघडायची, बरोबर शब्द टाकायचा, साठवायचं. दुरुस्त केलेला शब्द पुढच्या प्रत्येकाच्या शोधात सापडतो. जगभरच्या वाचकांनी अशा कोट्यवधी ओळी सुधारल्या आहेत आणि ट्रोव्हचा दर्जा त्यांच्या कष्टांवर उभा आहे. ही सोय इतक्या साधेपणानं देणारा दुसरा मोठा संग्रह विरळाच. दुरुस्ती करताना एकच पथ्य पाळायचं: छापलंय तसंच लिहायचं. मूळ वर्तमानपत्रानं चूक केली असेल तर ती चूक तशीच ठेवायची. आपलं ज्ञान टिपणीत लिहावं, मजकुरात नाही.

ट्रोव्हची किंमत कळते ती सिडनीच्या त्या पाच दिवसांत, आणि परीक्षणातला सगळ्यांत मोठा भाग तिथेच खर्च करण्यासारखा आहे.

घटना अशी. विल्सन आणि सरेचा पर्सी फेंडर हे दोघे दौऱ्यावर खेळता खेळता लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'ला वृत्तांत पाठवत होते. पाचव्या कसोटीत जॅक हॉब्ज मांडीच्या दुखापतीनिशी खेळत होता आणि त्याच्या मंद क्षेत्ररक्षणावरून प्रेक्षकांतून टोमणे आले. त्याबद्दल इंग्लंडला लिहून गेलेला मजकूर तारेनं उलटा ऑस्ट्रेलियात आला, तिथल्या पत्रांत छापला गेला, आणि त्याच सामन्यात प्रेक्षकांनी विल्सन आणि फेंडरची हुर्यो उडवली. पुढे एमसीसीनं, म्हणजे इंग्लंडचे दौरे काढणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबनं, खेळाडूंनी आपण खेळत असलेल्या सामन्यांबद्दल लिहिण्यावर बंदी आणली. कुठल्याही चरित्रकोशात हे दोन ओळींत उरकतं. ट्रोव्हमध्ये ते दिवसागणिक मांडता येतं, फक्त तारांचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं.

सिडनीत संध्याकाळ होते तेव्हा लंडनमध्ये सकाळ असते. शुक्रवारी, २५ फेब्रुवारीला खेळ संपल्यावर निघालेली तार लंडनच्या शनिवार सकाळच्या अंकाला सहज मिळते. तिथे छापून आलेला मजकूर परत तारेनं निघाला तर सिडनीत तो शनिवारी रात्री पोचतो. रविवारी, २७ ला खेळाला सुट्टी. म्हणजे ती परतलेली तार रविवारच्या साप्ताहिकात किंवा सोमवारच्या सकाळच्या दैनिकात शोधायची, आणि तिचे मैदानावरचे पडसाद सोमवारच्या संध्याकाळच्या पत्रांत व मंगळवारच्या दैनिकांत. तारखांची चौकट २६ फेब्रुवारी ते ५ मार्च ठेवावी. 'हेरल्ड' सकाळचा आणि भाषेत संयमी. 'सन' आणि 'इव्हनिंग न्यूज' ही संध्याकाळची पत्रं, त्यांच्यात त्याच दिवसाचा गोंगाट असतो. 'सिडनी मेल' आणि 'रेफरी' ही साप्ताहिकं, 'रेफरी'त जे. सी. डेव्हिस 'नॉट आउट' या टोपणनावानं लिहायचा आणि त्या काळच्या ऑस्ट्रेलियन क्रिकेटलेखनात त्याच्या शब्दाला वजन होतं.

इथे घाई नडते. एकच तार देशभरातली डझनावारी पत्रं छापायची. क्वीन्सलंडच्या एखाद्या गावच्या पत्रात चार ओळी सापडल्या म्हणून तो स्वतंत्र साक्षीदार ठरत नाही. ती सिडनीहून किंवा लंडनहून गेलेली तीच तार, जागेअभावी कापलेली. कापताना कधी 'असं म्हणतात' गळतं आणि अफवा वस्तुस्थिती बनते. म्हणून निकाल 'जुने आधी' या क्रमानं लावावेत, पहिलं छापील रूप गाठावं, त्यावर कुठलं गाव आणि कुठली तारीख दिली आहे ते पाहावं, आणि मगच पुढचं वाचावं. ट्रोव्हचा आपोआप येणारा क्रम 'सुसंगत आधी' असा असतो आणि तो इतिहासाच्या कामाला निरुपयोगी आहे. पहिलं काम तो बदलण्याचं.

आणखी एक अडचण गाळण्यांची. ट्रोव्ह प्रत्येक मजकुराला 'लेख', 'जाहिरात', 'तपशीलवार याद्या व निकाल', 'कौटुंबिक सूचना' अशा वर्गांत टाकतं. धावफलक कधी 'लेख'मध्ये सापडतो, कधी 'याद्या व निकाल'मध्ये. नुसतं 'लेख'वर टिचकी मारली तर सामन्याचा अर्धा ऐवज निसटतो. शब्दसंख्येची गाळणी मात्र फार उपयोगी: हजारांहून अधिक शब्दांचे मजकूर निवडले की सविस्तर वृत्तांत वर येतात, शंभराहून कमी शब्दांचे निवडले की तारांची कात्रणं.

हे सगळं झाल्यावर विल्सनचे ऑस्ट्रेलियातले महिने हाती येतात. आणि तिथेच ट्रोव्हची मर्यादा दिसते. या माणसाचं खरं आयुष्य विंचेस्टरच्या वर्गात आणि शाळेच्या मैदानावर गेलं, आणि ट्रोव्हला तो फक्त तेव्हाच दिसतो, जेव्हा तो शाळेबाहेर पडतो. हा दोष सेवेचा नाही, पण केवळ ट्रोव्हवर विसंबून चरित्र लिहिणारा माणूस विल्सनला सिडनीतला वादग्रस्त पाहुणा म्हणूनच उभा करील, आणि ते चित्र अन्यायाचं होईल. मास्तर म्हणून त्यानं काय घडवलं, ते बघायला इतर दारं ठोठवावी लागतात.

त्यातलं पहिलं दार मोफत आहे. ईएसपीएनक्रिकइन्फोवरच्या जुन्या खेळाडूंच्या पानांवर अनेकदा विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकातला मृत्युलेख मिळतो. मास्तर-क्रिकेटपटूंच्या बाबतीत हे मृत्युलेख सोन्यासारखे, कारण लिहिणारे बरेचदा त्याच शाळा-विद्यापीठांच्या वर्तुळातले. दुसरं क्रिकेटअर्काइव्ह, वर्गणी भरून वापरायचं. प्रथम श्रेणीबाहेरच्या असंख्य सामन्यांचे धावफलक तिथे आहेत आणि खेळाडूच्या सामन्यांची तारीखवार यादी मिळते. विल्सनची ती यादी नुसती तारखांकडे बघून वाचावी: जुलैअखेर ते सप्टेंबर असे पुंजके दिसतात आणि शाळेचं वेळापत्रक डोळ्यांसमोर उभं राहतं. तिसरं ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह, २०११ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या सहभागानं सुरू झालेलं, हेही सशुल्क. शेफील्ड आणि लीड्सची पत्रं तिथे असल्यानं यॉर्कशरच्या बाजूची पोकळी भरते. त्याचा मजकूर ट्रोव्हइतकाच अशुद्ध, पण दुरुस्त करणारे हात कमी, आणि शोधाची यादी दाखवली तरी पान उघडायला पैसे. ट्रोव्हवर आठवडाभर हात साफ करून, तारखा नक्की करून मगच तिथे महिनाभराची वर्गणी भरावी. उलट क्रमानं गेलं तर पैसे वाया जातात.

विंचेस्टरच्या धाग्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. विल्सनच्या हाताखालून गेलेला सर्वांत गाजलेला विद्यार्थी डग्लस जार्डिन, मलबार हिलवर १९०० साली जन्मलेला. त्याला १९३२-३३ च्या दौऱ्याचं कर्णधारपद मिळालं तेव्हा विल्सननं भाकीत केलं, की ॲशेस जिंकू, पण एक वसाहत (इंग्रजीत 'डोमिनियन') गमावून बसू. बॉडीलाइननंतर, म्हणजे त्या दौऱ्यात फलंदाजाच्या अंगावर रोखलेल्या वेगवान माऱ्याच्या वादानंतर, हे वाक्य इतकं फिरलं, की त्याची शब्दरचना जागोजागी वेगळी दिसते. अशा वाक्याचा माग काढण्याचं शिस्तशीर तंत्र ट्रोव्हवर शिकता येतं: 'जार्डिन', 'डोमिनियन' आणि 'विंचेस्टर' हे शब्द एकत्र, १९३२ पासून वर्षागणिक पुढे. जे रूप छापील पुराव्यानिशी हाती लागेल तेच अवतरणात द्यावं. नाहीतर आशय सांगावा आणि अवतरणचिन्हं गाळावीत.

रोजच्या वापराच्या गोष्टी पटकन सांगण्यासारख्या. लेख छापता येतो, पीडीएफ किंवा चित्र म्हणून उतरवता येतो. एका लेखाच्या पीडीएफमध्ये कात्रण तुकड्यांत येतं, कारण रकाने तोडलेले असतात; प्रकाशनासाठी हवं असेल तर संपूर्ण पानाची पीडीएफ घ्यावी. 'संदर्भ' या बटणाखाली प्रत्येक लेखाचा कायमचा दुवा मिळतो. ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता साठवू नये, त्यात शोधाचं शेपूट असतं. कायमचा दुवाच ठेवावा. खातं काढलं तर आपल्या लेखांच्या याद्या करता येतात आणि त्यांना टिपा जोडता येतात. मोबाइलवर वाचन होतं, दुरुस्ती करायची तर संगणकच बरा. २०२० मध्ये संकेतस्थळाचं रूप बदललं आणि गाळण्या थोड्या आड गेल्या. नव्यानं येणाऱ्यानं आधी 'वर्तमानपत्रं व राजपत्रं' हा विभाग निवडून तिथल्या प्रगत शोधात शिरावं. पहिल्या पानावरच्या सर्वसाधारण चौकटीत शोधलं तर पुस्तकं, चित्रं, संकेतस्थळं सगळं एकदम अंगावर येतं.

अर्धा गुण कापला आहे तो धावफलकांच्या ओसीआरसाठी आणि आपोआप येणाऱ्या क्रमासाठी. पैशांच्या बाबतीत काळजीचा काळ येऊन गेला: २०२२-२३ मध्ये सेवा चालू राहते की नाही अशी वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले.

मराठी वाचकाला विल्सनमध्ये रस नसेल तर हीच पद्धत जानेवारी १९४८ वर लावून बघावी. ॲडलेडच्या कसोटीत सांगलीच्या विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५, आणि कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३. 'हजारे' हे नाव ऑस्ट्रेलियन जुळारी आणि यंत्र या दोघांनाही परकं, त्यामुळे चुकीची रूपं शोधण्याचा सराव तिथे पुरेपूर होतो. 'ज्ञानप्रकाश' आणि 'केसरी'चे जुने अंक असे शब्दाशब्दानं, घरबसल्या, फुकट शोधता आले असते तर मराठी मुलखातल्या पहिल्या क्रिकेटपटूंची चरित्रं आज कितीतरी भरीव झाली असती. ती आस ट्रोव्ह वापरताना दर खेपेला दाटून येते.

शेवटी एक सूचना विल्सनपुरती. तो २१ जुलै १९५७ ला विंचेस्टरमध्येच वारला. ट्रोव्हवरची बहुतेक दैनिकं स्वामित्वहक्कामुळे १९५४ ला थांबतात, आणि 'आर्गस' १९५७ च्या जानेवारीतच बंद पडला. मृत्यूची बातमी शोधायची तर 'कॅनबेरा टाइम्स' निवडावा, तो १९९५ पर्यंत उपलब्ध आहे. तारखा २२ ते ३१ जुलै १९५७, आणि शोधशब्द नुसता 'विल्सन' नको, 'रॉकली' टाकावा.